जर्मन गाणं आणि माझा आयपॉड

मंडळी, आज लंचला माझे दोन जर्मन कलीग, क्लाउस आणि उटे, चक्क भांडले. निमित्त एक नवं जर्मन पॉप गाणं, देशाचं कौतुक करणारं.

उटे म्हणाली, "आपला इतिहास बघता असं गाणं मला बोचतं." क्लाउस चिडला, "माझ्या भाषेत, माझ्या देशावर मी गायचंच नाही का?"

खरं सांगतो, मला जाम हेवा वाटला. एका गाण्यासाठी दोघांनी जेवण थंड केलं यार.

मग क्लाउस म्हणाला, "तुझ्या भाषेतलं ऐकव." मी सवयीने हिंदी लावलं. "ही तुझी भाषा?" मी मान डोलावली.

नंतर पार्किंगमध्ये बसून अख्खा आयपॉड धुंडाळला. मराठी एकही नाही. त्यांच्याकडे भांडायला तरी गाणं आहे. तुमच्याकडे?