सयाजीची पक्की टीप

उद्यमनगरात सयाजीचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. जुन्या सीटांच्या पोटातला फोम, काथ्या आणि स्प्रिंगा जिथं रस्त्यावर आलेल्या दिसतील, आणि त्या पसाऱ्यात एक जाडजूड माणूस शिलाई मशीनच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखा वाकलेला दिसेल, तिथं थांबायचं. वर पाटी आहे : ‘गाडी मोडेल, टीप मोडणार न्हाई.’

गेली तीस वर्षं हा माणूस ट्रॅक्टरच्या, रिक्षाच्या, वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून गावोगाव पळणाऱ्या जिपांच्या सीटा शिवतोय. जग त्याला शिवणीतूनच दिसतं. एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढला आणि नवरदेवाच्या शेरवानीची कड उलटी करून बघत बसला. मागं शंभर माणसं खोळंबली. सासऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांना म्हणाला, “सगळं झ्याक झालंय, टाकं तेवढं लांब लांब पडल्यात की वो.” डॉक्टर अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

अशा माणसाकडं गेल्या फेब्रुवारीत वारणानगरकडचे अमरसिंह आपली लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन आले. दोन सीटची, दोन दारांची, सत्तावीस वर्षांची. त्या गाडीत बसायचं म्हणजे पंगतीला मांडी घालून बसल्यागत बसायचं, आणि उतरताना दोघांनी हात द्यायचा. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. पण अमरसिंहांचा ‘ओरिजनल’ या शब्दावर जीव. टायर सोडले तर गाडीत परकं काही नाही, असं ते छाती पुढं काढून सांगत. आता गाडी त्यांची लेक अनुजा चालवते. दर रविवारी सकाळी गगनबावड्याला जाते, घाटातलं धुकं बघते, येते.

गाडीच्या सीटबेल्टांना दाढी फुटली होती. कडा उसवलेल्या, रंग उन्हानं उडालेला. सयाजीनं पट्टे सोडवून साबणाच्या पाण्यात धुतले, उसवलेले धागे मेणबत्तीवर जाळून कडा गुळगुळीत केल्या. आणि मग त्याला ते दिसलं. खाली, पट्टा गाडीला बोल्टनं धरतो तिथं, पट्ट्याची एक घडी घातलेली होती आणि ती अगदी बारीक, कच्च्या दोऱ्यानं शिवलेली. अर्धी शिवण तर सुटत आलेली.

“बघ मर्दा,” तो शेजारच्या दुकानातून मला हाक मारून म्हणाला, “एवढ्या मोठ्या कंपनीत एक शिंपी न्हवता! साडीला फॉल लावल्यागत कच्चं मारून सोडलंय.”

त्यानं ती शिवण उसवली. मेण लावलेला जाड दोरा घेतला आणि घडीवर सात ओळींची टीप मारली, वर फुलीसारखी चौकट. दोन्ही पट्ट्यांवर. इतकी देखणी की अमरसिंहांनी तिचा फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला. सयाजीनंही काढला. महिनाभर येईल त्याला दाखवत होता.

त्या येणाऱ्यांत एकदा गडमुडशिंगीचे गोमटेशअण्णा आले, ट्रॅक्टरची सीट घेऊन. अण्णा पुण्याला सीटबेल्टच्या कारखान्यात वीस वर्षं नोकरी करून आता गावी शेती बघतात. सयाजीनं मोबाईल पुढं केला. अण्णांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि घडीवर बोट ठेवलं.

“काय अण्णा, नादखुळा हाय न्हवं?”

“सयाजी, ही घडी तू शिवलीस?”

“मग! कच्ची हुती.”

“कच्चीच ठेवत्यात बाबा. मुद्दाम.” अण्णा खुर्चीवर बसले. “गाडी आदळली की ही शिवण एकेक टाका तुटत जायला पाहिजे. तेवढा पट्टा चार बोटं सैल सुटतोय, माणसाची छाती वाचती. तुझी तुटायची न्हाई. मग बरगड्या तुटतील. आणि एवढ्या जाड सुईनं सात ओळी म्हंजे पट्ट्याची चाळण झाली. वर तू कडा जाळल्यास. जोरात आदळली तर पट्टाच जाईल एखाद्या वेळी.”

“म्हंजे हिकडनं मरण, न्हाईतर तिकडनं?”

“सीटबेल्ट शिवायचा नसतोय, सयाजी. बदलायचा असतोय.”

सयाजीनं पंखा बंद केला. का, ते त्यालाही माहीत नसावं. मग म्हणाला, “मी आजवर कच्चं काम केलं न्हाई, अण्णा.”

दुसऱ्या दिवशी तो मला बरोबर घेऊन अमरसिंहांच्या बंगल्यावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शिवणीची निंदा करायला निघालेला माणूस. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं, चारही वेळा मोडलं.

“दादा, ती टीप चुकली. पट्टं काढून टाका. नवीन मागवा.”

अमरसिंह खो खो हसले. “सयाजी, लाजतोस व्हय रं? अख्ख्या जिल्ह्यात अशी टीप न्हाई!”

“दादा, ती तुटत न्हाई हीच भानगड हाय.”

“तुझ्याच पाटीवर लिवलंय की!”

“नवीन बसवू. दुसऱ्या कंपनीचं, पण चांगलं मिळत्यात. अण्णा मागवून देतो म्हणाल्यात.”

‘दुसऱ्या कंपनीचं’ ऐकताच अमरसिंहांचं हसू गेलं. “ह्या गाडीत डुप्लिकेट? उद्या म्हणशील बाप बदला.”

सयाजी हात जोडून उभा राहिला. अण्णांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, चार बोटं दाखवली, स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला. पण तीस वर्षं ज्यानं गावाला एकच गोष्ट पटवली, त्याच्याकडून उलटी गोष्ट कोण ऐकणार? चहा आला. चहाबरोबर टिपेचं कौतुक पुन्हा आलं.

शनिवारी तो एकटाच गेला. ‘जरा तपासतो’ म्हणून गाडीत वाकला आणि मोठ्या कात्रीनं दोन्ही पट्टे कापले. पट्टा नाही तर गाडी निघणार नाही, असा त्याचा हिशोब. अमरसिंहांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत सयाजीचं डोकं फिरल्याची बातमी उद्यमनगरात आली. दोघांनी शिवायला दिलेल्या सीटा परत नेल्या. त्याची बायको शालूबाई म्हणाली, “न्हेऊ द्या. दादांची पोरगी तरी घरात ऱ्हाईल.”

रविवारी सकाळी आम्ही फुलेवाडी नाक्यावर चहाला थांबलो होतो. त्याचा आग्रह होता, इथंच. रस्ता तोच, गगनबावड्याचा. आठच्या सुमारास लाल गाडी आली.

अनुजानं सयाजीला बघून गाडी थांबवली. कापलेल्या पट्ट्याचा तुकडा तिनं खांद्यावरून आडवा घेऊन मांडीखाली दाबला होता.

“काका, बाबांचं मनावर घेऊ नका हं. चिडले की असंच करतात.”

“पोरी, हे काय हाय?”

“पोलिसांसाठी. लांबून पट्टा दिसला की झालं.”

“गाडी माघारी घे. हात जोडतो तुला. अगं, बांधलेलंच न्हाई काही!”

“तुम्हीच कापलात की काका!” ती हसली. टोमणा नव्हता त्यात. पोर गुणाची आहे. “जाते हळू. धुकं सरायच्या आत पोचायचंय.”

गियर पडला. सयाजी चहाचा ग्लास टाकून चार पावलं गाडीमागं धावला आणि थांब म्हणायला त्यानं हात वर केला. आरशात बघून तिला वाटलं, काका टाटा करतायत. तिनंही खिडकीतून हात काढून केला.