चटणीची डबी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — डबी तिची होती.

नव्वदच्या दशकात आर्वीत दादाराव आणि मी भागीदारीत गॅरेज चालवायचो. ते वयानं मोठे, आणि त्यांचा कान — काय सांगू? रस्त्यावरून जीप गेली की आत बसल्याबसल्या म्हणायचे, "याचं टायमिंग लेट आहे." आणि ते असायचंच. पार समुद्रपूरहून लोक नुसतं इंजिन ऐकवायला गाडी आणायचे.

एका किराणावाल्या शेठजींची पेट्रोल जीप आली. तिला जुनं डिझेल इंजिन बसवायचं होतं. तेव्हा सगळेच बसवायचे. पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कोणत्या क्षणी इंजिनात सुटणार ते, दादारावांनी लावलं. धुराचे पाइप मी जोडले. गाडी चालू केली, आणि इंजिनातून धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड आधी तांबूस झाला, मग लालभडक.

शेठजी वाकून म्हणाले, "दादाराव, इंजिन बसवा म्हटलं होतं. चूल काऊन बसवली?"

मॅनिफोल्ड लाल होतो कशानं? टायमिंग लेट असलं की. हे मीच मोठ्यानं म्हणालो.

"नाई बा. कानाले तं बरोबर लागून राह्यलं," दादाराव म्हणाले. तरी त्यांनी बदललं. परत लाल. अजून बदललं. शेठजी पापड मागवायच्या बेतात.

दुसरं कारणही मला ठाऊक होतं — पाइप कुठे बुजला असेल तर. पण पाइप मी जोडलेले. मग ते ओठांवर येणार कसं?

दादाराव जेवायला घरी गेले तेव्हा मी पाइप सोडला. वाकणात काळीठिक्कर होऊन अडकली होती — माझ्या डब्यातली चटणीची डबी. काम चालू असताना नट आत पडू नये म्हणून पाइपच्या तोंडात चिंधी कोंबायची आणि तिचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं, हे दादारावांनीच मला शिकवलेलं. पण त्या दिवशी चिंधीऐवजी मी हाताशी असलेली डबीच लावली, इतकी नेमकी बसली होती ती. आणि डबीला शेपूट नसतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर? दोन शिव्या दिल्या असत्या, हसले असते. मी डबी नालीत फेकली. टायमिंग परत पहिल्या खुणेवर आणलं — म्हणजे त्यांनी लावलं होतं तिथेच. ते आले, गाडी चालू केली, मॅनिफोल्ड काळाच राहिला. आणि शेठजींसमोर मी म्हणालो, "थोडं लेटच होतं, भाऊ. केलं मी बरोबर."

बाजारात त्यांचं नाव 'लेट दादाराव' पडलं. त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. ते वर्ध्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं मळ काढला, कान चांगले आहेत म्हणाला. "डॉक्टरले काय समजते डिझेलमधलं," दादाराव म्हणाले, आणि मी हसलो. हो, हसलोसुद्धा.

मग प्रत्येक गाडीला मला हाक — "पाह्य रे, बरोबर आहे का?" मी तोंड गंभीर करून ऐकल्यासारखं करायचो. पुढे त्यांनी पंपाला हात लावणंच सोडलं, पंक्चर काढत बसले.

परवा त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. एक जीप गेली. "लेट —" म्हणाले आणि थांबले. "तुले काय वाटते?"

"लेटच आहे, भाऊ. तुमचा कान बरोबर आहे."

"तू म्हणतं म्हंजे असनच," ते म्हणाले.

मी मान डोलावली.