तीन रीडिंग आणि एक्केचाळीस

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा माझा अर्ज मामाने भरला. मामा आईचा धाकटा भाऊ. अंबडला औषधांच्या एका कंपनीत तो माल तपासणीच्या लॅबमध्ये आहे. आमच्या नात्यात पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिला, त्यामुळे शिक्षण हे खातं त्याच्याकडे आपोआप गेलं होतं. अर्जावर त्याने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र असे तीन विषय टाकले. तिसऱ्या जागी गणितही टाकता येत होतं. बारावीला माझ्याकडे दोन्ही होते. त्याने विचारलं नाही, मी बोलले नाही, अर्ज गेला.

वनस्पतीशास्त्राची बाजू भक्कम होती. रसायनशास्त्राची पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला पुढे एम.एस्सी.ला सेंद्रिय रसायन हवं असायचं, कारण सातपूर-अंबडच्या औषध कंपन्या त्यालाच आधी बोलावतात असं सगळे म्हणत. जागा थोड्या होत्या. त्या तिन्ही वर्षांच्या, सगळ्या विषयांच्या मार्कांवर मिळत. वनस्पतीशास्त्राचे मार्क हातातले समजले जात. पान ओळखा, आकृती काढा, बाण दाखवून नावं लिहा. गणितात हातातलं असं काही नव्हतं. गणित घेतलं तर सेंद्रियची जागा जाऊ शकते, हे कॉलेजात शिपायांनासुद्धा माहीत होतं.

गणिताच्या बाजूने मांडण्यासारखा एकच मुद्दा माझ्याजवळ होता. बारावीत बाकीचे पेपर देऊन आले की मला झोप यायची. गणिताचा देऊन आले की भूक लागायची. हा मुद्दा मी कोणासमोर मांडला नव्हता.

कॉलेज सुरू झाल्यावर कार्यालयाबाहेर सूचना लागली. विषय बदलायचा असेल तर पुढच्या सोमवारपर्यंत अर्ज द्यावा, तोपर्यंत दुसऱ्या विषयाच्या तासाला बसून बघता येईल. सूचना वाचायला मी आणि माझी प्रॅक्टिकलची जोडीदार अशा दोघी उभ्या होत्या. ती सटाण्याची, हॉस्टेलवर राहायची.

"मी गणिताला बसून बघते," मी म्हटलं.

"येडी शे का तू?" ती म्हणाली. घाईत असली की तिची भाषा गावाकडे जायची आणि मग परत यायची. "बॉटनीत पान चिकटवायचं आणि मार्क घ्यायचे. तिकडे काय चिकटवशील?"

आम्ही दोघी रसायनाच्या लॅबमध्ये गेलो. त्या आठवड्यात टायट्रेशन चालू होतं. काम सोपं असतं. काचेच्या उभ्या नळीतून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब द्रावण सोडायचं. फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं की नळी बंद करायची आणि किती द्रावण लागलं ते लिहायचं. याला रीडिंग म्हणतात. पुन्हा तेच करायचं, आणि पुन्हा. तीन रीडिंग सारखी आली की उत्तर खरं. चौथं कोणी घेत नाही. चौथं घेतलं तर द्रावण वाया जातं आणि लॅबचे सर विचारतात, "काय, घर बांधताय का इथे?" अकरावीपासून आम्ही सगळे असेच शिकलो होतो. तीन सारखी आली की नळी धुवायची आणि कँटीनला जायचं.

गणिताचा तास सकाळी सातला असायचा. पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर बसले. मॅडम आत आल्या, हजेरी न घेता फळ्याकडे वळल्या आणि एक प्रश्न लिहिला. कोणतीही संख्या घ्या. तिचा वर्ग करा. त्यात तीच संख्या मिळवा. वर एक्केचाळीस मिळवा. येणारं उत्तर नेहमी मूळ संख्या असतं का? मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही ती. शाळेतली गोष्ट.

मी वहीत एक घेऊन बघितला. त्रेचाळीस आले. दोन घेतला, सत्तेचाळीस. तीन घेतला, त्रेपन्न. तिन्ही मूळ. मी खाली "होय, नेहमी" लिहून दोन रेघा मारल्या आणि पेनाचं टोपण लावलं. वर्गात अजून कोणाचं टोपण लागलं नव्हतं, याचं मला थोडं बरंही वाटलं.

मॅडम बाकांमधून फिरत माझ्यापर्यंत आल्या. वही बघितली.

"झालं?"

"हो मॅडम."

"कशावरून नेहमी?"

"तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा आलं."

त्यांनी वहीवरून नजर माझ्याकडे आणली. "केमिस्ट्रीची का तू?"

"हो."

"तरीच." पुढच्या बाकावरची दोन मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्याकडे बरोबर आहे ते. तिथे द्रावण एकच असतं. इथे प्रत्येक संख्या वेगळी आहे. तीन बघितल्यास, बाकीच्यांचं कोण बघणार?"

"सगळ्या कशा बघणार मॅडम? त्या संपत नाहीत."

"मग न बघता सांगायला शिक," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तासाच्या शेवटी त्यांनी प्रश्न पुसला, उत्तर सांगितलं नाही. तास संपला तेव्हा मला भूक लागली होती.

त्या आठवड्यात मी सातच्या तासाला जात राहिले. दुपारी वनस्पतीशास्त्राच्या तासालाही जात होते, कारण कागदोपत्री मी तिथली होते. घरून, मखमलाबादहून, सकाळी सातला पोहोचणं बसने जमत नव्हतं, म्हणून पप्पांच्या गाडीत बसून यायचे. पप्पा झेंडू आणि शेवंती घेऊन पहाटे पंचवटीतल्या फूलबाजारात जायचे. क्रेट उतरवून झाले की मला कॉलेजच्या फाटकाशी सोडायचे. का सोडतोय हे त्यांनी विचारलं नाही. गाडी त्या बाजूला जात होती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

शनिवारी मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "उद्या मिसळीला बोलू."

आमच्याकडे मोठ्या गोष्टी घरात बोलत नाहीत. रविवारी मिसळ खायला जातात, तिथे बोलतात. शहराबाहेर मळ्यांमध्ये मिसळीची मोठी ठिकाणं आहेत. झोपाळे असतात, लहान मुलांना घसरगुंडी असते, आणि नंबर लागेपर्यंत बराच वेळ बसावं लागतं. त्या वेळात विषय निघतो. आजूबाजूला लोक असल्यामुळे कोणी आवाज चढवत नाही. तोंड भाजलेलं असल्यामुळे कोणी फार लांबवत नाही. मावशीचं लग्न असंच ठरलं होतं आणि विहिरीची जागाही. पप्पांचा एक नियम होता. दुसरा रस्सा आल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही.

मामा आधीच येऊन नंबर लावून बसला होता. आईने त्याला फोनवर सांगून ठेवलं असणार, कारण माझ्या ताटात फरसाण पडायच्या आधीच त्याने सुरुवात केली.

"गणित घेऊन काय होतं ते सांगतो. आमच्या सिडकोतला एक. एम.एस्सी. गणित. आज गाडी लावायच्या जागेत दहावीचे क्लास घेतो. गाडी रस्त्यावर उभी."

"क्लास चांगले चालतात त्याचे," आई म्हणाली.

"ताई, मुद्दा गाडीचा आहे. दुसरा आमच्या कंपनीतल्या माणसाचा भाचा. गणितात पहिला आला होता. आता विमा विकतो. मलाच विकला. तिसरा तर तुम्हाला माहीतच आहे, दाजी, समोरच्या गल्लीतला. अजून स्पर्धा परीक्षाच देतोय. दाढी पिकली." मामाने पाव मोडला. "तीन उदाहरणं दिली. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, "तिनाने काही सिद्ध होत नाही मामा."

"म्हणजे?"

मी कागदी रुमाल ओढला आणि मॅडमचा प्रश्न त्यावर लिहिला. सगळं समजावून सांगितलं. माझी तीन उत्तरं सांगितली आणि मुलं कशी हसली तेही सांगितलं. मामाला मुलं हसल्याचा राग आला. त्याच्या मते तीन रीडिंगवर अख्खी कंपनी चालते. त्याने फोनवर कॅल्क्युलेटर उघडला.

"पाच. एकाहत्तर. मूळ आहे. सहा. त्र्याऐंशी. आहे. दहा घेतो. एकशे एक्कावन्न. याला कशाने जातोय? नाही जात. येतंय की बरोबर! तुझ्या मॅडमना काय प्रॉब्लेम आहे?"

"खा रे आधी, गार होतंय," आई म्हणाली.

"थांब ताई. वीस. चारशे एकसष्ट."

चारशे एकसष्टला कशाने भाग जातो हे तो शोधत होता तेव्हा मी रुमालाकडे बघत होते. एका कोपऱ्यावर तर्रीचा डाग पसरत येत होता. तो एक्केचाळीसच्या आकड्यापर्यंत पोहोचत होता म्हणून मी त्या आकड्याकडे बघितलं.

"मामा, एक्केचाळीस टाक."

"एक्केचाळीसचा वर्ग..."

"वर्ग करू नको. काहीच करू नको. एक्केचाळीसच्या वर्गाला एक्केचाळीसने भाग जातो. त्यात एक्केचाळीस मिळवायचे, त्यालाही जातो. वरचे एक्केचाळीस, त्यालाही. मग सगळ्या बेरजेला जाणारच. ती मूळ नाही."

मामाने तरीही केलं. फोनवर भागाकार केला आणि बाकी शून्य आली ती बघितली. मग फोन ताटाशेजारी उलटा ठेवला.

पप्पा इतका वेळ जेवत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आधीचं सगळं बरोबर येत होतं?"

"हो."

"आणि मग मोडलं."

"हो."

"लय फसवं प्रकरण आहे," पप्पा म्हणाले आणि पोऱ्याला रस्सा आणायची खूण केली. तो दुसरा रस्सा होता.

मामा म्हणाला, "ठीक आहे. हुशार आहेस. पण याचा सेंद्रियच्या जागेशी काय संबंध?"

"काही नाही."

"मग कशाला घ्यायचं? एक कारण सांग."

मी कारण शोधलं. भूक लागते हे मिसळीच्या टेबलावर सांगण्यात अर्थ नव्हता. "ते एक्केचाळीस दिसलं ना," मी म्हटलं, "तसं रोज दिसावं असं वाटतं."

"रोज नाही दिसणार."

"माहिती आहे."

माइकवरून दुसऱ्याच कोणाचा तरी नंबर पुकारला. मग पप्पा म्हणाले, "सातचाच तास असतो ना कायम? मग गाडीतच येईल. बॉटनीला संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग बसची वाट, अंधार. हे बरं आहे." गणिताच्या बाजूने त्या दिवशी मांडला गेलेला हा सर्वांत ठोस मुद्दा होता. आईने मान हलवली.

मामाने हात धुऊन आल्यावर अट घातली. "जागा गेली तर मला म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"तूपण नाही ताई."

"मी कशाला म्हणते?" आई म्हणाली. "अर्ज तर तूच चुकीचा भरला होतास."

सोमवारी सकाळी सातच्या तासानंतर मी विषय बदलाचा अर्ज दिला. कारकुनाने तिसरा विषय खोडून गणित लिहिलं आणि वर न बघता म्हणाला, "उलटं करायला येतात सगळे. सुलटं करायला तू पहिली." यातलं उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं, हे त्याने सांगितलं नाही.

त्याच दुपारी मामाचा कंपनीतून फोन आला. मागे जेवणाच्या डब्यांचा आवाज होता.

"चाळीसलाच मोडतंय," तो म्हणाला. "तू एक्केचाळीस म्हणालीस. मी एकापासून सगळे केले. एकोणचाळीसपर्यंत नीट आहे. चाळीसला सोळाशे एक्क्याऐंशी येतात. म्हणजे एक्केचाळीस गुणिले एक्केचाळीस. तुझी चूक झाली."

मी म्हटलं, माझी चूक नाही, मी फक्त एक मोडणारी संख्या दाखवली होती, पहिली मोडणारी म्हणाले नव्हते. तो म्हणाला, ते काही असो, आधीचं मीच शोधलं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणी शोधलं?" मी म्हटलं, मामाने, कॅल्क्युलेटरवर. मॅडम म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, आता का मोडतं तेपण सांगा." मी निरोप दिला. पुढच्या रविवारी मामा घडी घातलेला कागद घेऊन आला. चाळीस गुणिले चाळीस आणि वर चाळीस, म्हणजे एक्केचाळीस वेळा चाळीस. त्यात आणखी एक्केचाळीस, म्हणजे एक्केचाळीस वेळा एक्केचाळीस. रस्सा यायच्या आधी त्याने ते आम्हाला दोनदा वाचून दाखवलं.

दोन वर्षं मी गणित केलं; तिसऱ्या वर्षाला फक्त रसायनशास्त्र असतं. रोज काही दिसलं नाही. बरेच आठवडे काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका पेपरात मी जेमतेम पास झाले. सटाण्याच्या मैत्रिणीने तोपर्यंत पानं चिकटवण्यात कॉलेजात नाव कमावलं होतं. लॅबमध्ये मी एकदा चौथं रीडिंग घेतलं. ते वेगळं आलं. सरांनी विचारलं, चौथं कोणी घ्यायला सांगितलं, आणि मग तिन्ही आधीची पुन्हा करायला लावली.

एम.एस्सी.ची यादी लागली त्या रविवारी आम्ही मिसळीला गेलो होतो. यादी मामाने फोनवर उघडली. सेंद्रियमध्ये सटाण्याच्या मैत्रिणीचं नाव होतं. माझं नव्हतं. मी विश्लेषण रसायनात होते, यादीच्या तळाशी. मामाने पान वरखाली करून पुन्हा बघितलं आणि फोन पप्पांपुढे धरला. पप्पांनी चष्मा नसल्याचं सांगितलं.

"हे चौथं उदाहरण," मामा म्हणाला.

"चारानेही काही सिद्ध होत नाही मामा."

"माहिती आहे," तो म्हणाला, आणि त्याने रस्सा मागवला.