पुसलेलेही दाखवा

वडवणीच्या वसतिगृहाच्या हापिसात काही अडलं की एकच हाक उठायची, "आदिनाथ!" प्रिंटर अडकला, आदिनाथ. साहेब पासवर्ड विसरले, आदिनाथ. ऊसतोडीला गेलेल्या मायबापांची पोरं सहा महिने सांभाळणारी ही संस्था. आदिनाथही लहानपणी इथल्याच पंगतीला जेवून वाढलेला. बारावी झाल्यावर इथंच संगणकाला चिकटला आणि स्वतःला लई हुशार समजायला लागला. हुशार होताही म्हणा, तीच तर गोम.

हापिसातल्या लोकांनी एकमेकांना निरोप धाडावेत म्हणून संस्थेनं मोबाइलवर एक ॲप घेतलं. ते बसवलं आदिनाथनं. बसवताना त्यानं आपल्याच मनानं एक सोय चालू करून ठेवली: कुणी निरोप पुसला तरी तो वर्षभर साठून राहावा. असू द्या, कधीतरी कामाला येईल! कुणाचेही निरोप शोधायचा हक्क ॲडमिन म्हणून त्याच्याकडंच होता. हे बाकीच्यांना सांगावं, असं काही त्याच्या डोक्यात आलं न्हाई.

पोरींचा विभाग वर्षाराणी बघायची. नवरा सटवा ऊसतोडीला जायचा. तिकडं नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सटवा एकटाच, म्हणून अर्धा कोयता. ही नोकरी होती म्हणून तर वर्षाराणीच्या डोक्यावरची मोळी उतरली होती आणि पोरगी ऋतुजा तिच्या डोळ्यांपुढं शाळेत जात होती.

दिवाळीनंतर एक दिवस ती घाईघाईनं आदिनाथच्या टेबलापाशी आली. घाटनांदूरच्या शाखेतल्या योगिताला तिनं रागाच्या भरात काहीतरी लिहिलं होतं, मग भिऊन पुसलं होतं.

"भाऊ, पुसलं की जातंय ना?"

आदिनाथचा हात प्रिंटरात अडकलेला. मान वर न करता तो म्हणाला, "पुसलं की गेलं, ताई. बिनघोर राहा."

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं हो. त्या घडीला ती सोय त्याला आठवलीच न्हाई. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते उगी न्हाई.

संक्रांतीच्या सुमारास देणगीदारांचा फोन आला. पोरांना केळी म्हणे पाहुणे येतील त्याच दिवशी मिळतात, खरं का? साहेबांचा पारा चढला. "आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय," ते आदिनाथला म्हणाले. "सगळ्यांचे निरोप काढ. 'केळी' शोध."

शोधलं. दहा-बारा निरोप निघाले, सगळे बाजारहाटाचे. "काही न्हाई, साहेब," एवढं म्हणून उठला असता तर आज सुखानं झोपला असता.

"मग तुझ्या या सिस्टीमचं काय लोणचं घालायचं का बे?" साहेब म्हणाले.

ते झोंबलं. शहाण्यानं 'पुसलेलेही दाखवा' या चौकटीवर टिचकी मारली. एक निरोप वर आला.

"घावलं!" आदिनाथ ओरडला. अरे देवा, काय ती हौस! साहेब स्क्रीनवर वाकले, आणि मग कुठं त्यानं नाव वाचलं. वर्षाराणीनं योगिताला लिहिलं होतं: 'पाहुणे आले की केळी, गेले की पाणचट वरण. लेकरांशी आसं वागताना या माणसाला लाज कशी वाटत न्हाई?'

बाहेर कुणाला सांगितल्याचं त्यात अक्षर नव्हतं. आणि लिहिलं होतं ते खरंच होतं. आदिनाथच्या लहानपणीही त्याच्या ताटात केळं पडायचं ते पाहुण्यांच्याच दिवशी. 'साहेब, हे दोघींतलं बोलणं हाय,' एवढं वाक्य त्याच्या ओठांवर आलं. साहेबांनी छापील प्रत मागितली. त्यानं ती काढून दिली.

मार्चात वर्षाराणीचा करार संपला, तो पुन्हा झाला न्हाई. दसऱ्यानंतर सटवाचा कोयता पुरा झाला.

ऊसतोडीचा ट्रक निघायच्या आदल्या दिवशी ती ऋतुजाला घेऊन हापिसात आली. आता पोरीला इथंच ठेवायचं होतं. आदिनाथ फॉर्म भरायला बसला.

"भाऊ, मी तर पुसलं होतं," ती हळूच म्हणाली. "मग सायबाला घावलं कसं?"

"काय की, ताई. मशिनीचं काय सांगता येतंय."

"जाऊ द्या. माझंच नशीब फुटकं."

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला आजही वाटतं. तिला संशयसुद्धा आला न्हाई.

"मायबाप नसताना कळवायचं कुणाला?" त्यानं फॉर्ममधलं विचारलं.

"तुमालाच की. दुसरं कोण हाय आमचं हितं?"

त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं. चार अक्षरांचं नाव, दोनदा चुकलं.

ऋतुजा टेबलाला हनुवटी टेकवून बघत होती. "मामा, हितं जेवताना केळी देत्यात का?"

वर्षाराणीनं मान फिरवली.

"देत्यात की," आदिनाथ म्हणाला, आणि त्यानं फॉर्म छापायला टाकला.