नर्स लूडी आणि नवा सहायक

लूडी प्रुइटच्या पोटात दुखायला लागलं ते डॉइल हॅचरचा आखूड पांढरा कोट पाहून. कोटाच्या खिशावर नाव आणि नावाखाली ‘डॉक्टरांचे सहायक’. अडुसष्ट साली हा प्रकार अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात नवा होता. नौदलात जखमा बांधून आलेला तिशीचा गडी ड्युरॅमला दोन वर्षं शिकतो काय, आणि लेगेट डॉक्टर त्याला मागची खोली, टेबल नि टाके घालायची सुई देतात काय! लूडीने याच दवाखान्यात बावीस वर्षं काढली होती, पण तिला एक टाका घालायची मुभा नव्हती. त्या कोर्ससाठी तिनेही डॉक्टरांकडे शिफारशीची चिठ्ठी मागितली होती.

"ते फौजेतल्या पुरुषांसाठी आहे गं," डॉक्टर हसले होते. "आणि तू गेलीस तर माझं कसं व्हायचं?"

नर्सने रोगाचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक. म्हणून लूडी म्हणायची, "डॉक्टर, पोरीच्या घशात एकदा बघाल का?" मग डॉक्टर बघत, घटसर्प ओळखत आणि शाबासकी घेत. दोघांनाही ही रीत पाठ होती.

ऑगस्टात तंबाखूच्या शेतावरून इम्री बार्बी नावाच्या मजुराला उचलून आणलं. तो ओकत होता, घामाने निथळत होता. डॉक्टर कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेले. डॉइलने ऊन लागलं असं ठरवून मीठपाणी सुरू केलं. लूडीने मात्र इम्रीच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. तिला कळायचं ते कळलं, आणि खरं सांगायचं तर ती गप्प बसली. आपटू दे या डॉइलला एकदा, असं तिच्या मनात आलं. बाई काही देवमाणूस नव्हती.

मग इम्रीची छाती घरघरायला लागली.

"डॉइल, त्याचे डोळे पाहिलेस का?"

"पाहतो नंतर."

"नाही म्हणजे... काल त्यांच्याकडे फवारणी होती म्हणे."

डॉइल गर्रकन वळला. "मिस लूडी, कोडी घालू नका. काय झालंय याला?"

बावीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. "फवारणीचं विष अंगात भिनलंय! अ‍ॅट्रोपिनचा उतारा दे, लवकर, नाहीतर हातचा जाईल!"

त्याने दिलं, थोड्या वेळाने पुन्हा दिलं. दुपारपर्यंत इम्री पाणी मागू लागला. लूडीला उलट रागच आला. निदान हा डॉइल नालायक तरी असायचा!

डॉक्टर आले ते खुशीत. "शाब्बास, डॉइल!"

"मी नाही, डॉक्टर. मी चुकलो होतो, उन्हाचं समजून बसलो. ओळखलं ते मिस लूडींनी."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "खरंच, लूडी? कशावरून ओळखलंस? गुरुवारी जिल्ह्यातल्या डॉक्टरांची बैठक आहे. तिथे सांगशील?"

हेच ऐकायला तर ती इतकी वर्षं थांबली होती. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं, "छे हो डॉक्टर, मला कुठलं कळतंय! डोळे बघ, एवढंच मी म्हटलं. ओळखलं यानेच."

डॉइल तिच्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "तरीच! मग डॉइल, गुरुवारी तूच बोल."

त्या घटकेला लूडीला डॉइलचा वाटला तेवढा हेवा आधी कधी वाटला नव्हता. ‘मी चुकलो’ हे तो साहेबाच्या तोंडावर म्हणू शकत होता. तिला ‘मी ओळखलं’ एवढंही म्हणता आलं नाही.