लिहून काढलेलं घर

आमची म्हैस सकाळ-संध्याकाळ आमच्या बैठकीच्या खोलीतून ये-जा करत असे. घराचा आराखडा माझा होता.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. कसबा बावड्यात आबांनी घरासाठी जागा घेतली, तेव्हा माझी धाकटी बहीण सुशी काठीनं मातीत रेघा ओढत म्हणाली, "दादा, हितं बसायची खोली, हितं चूल, आन् ह्या कडेनं म्हशीला बोळ."

"रेघोट्यांनी घर होत नसतं," म्हणत मी ते पायानं पुसलं. मग चार पानं लिहिली आणि गवंड्याला खड्या आवाजात वाचून दाखवली. 'दर्शनी प्रशस्त बैठक, तिच्या पाठीशी स्वयंपाकघर, मागे हवेशीर गोठा.' ('हवेशीर'नंतर मी दाद मिळेल म्हणून थांबलोसुद्धा!)

"सांगशीला तसं, मास्तर," गवंडी म्हणाला. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती होत्या. त्यांना चिकटून त्यानं अगदी शब्दाबरहुकूम घर उभं केलं.

राहायला गेलो त्या दिवशी आबा म्हशीचं दावं धरून दारात उभे राहिले. "हिला कुठनं न्यायची रं?"

मी चारही पानं पुन्हा वाचली. वाट कुठंच नव्हती.

तशात सुशीला बघायला शिरोळचे पाहुणे यायचं ठरलं. मुलगा तिनं एका लग्नात पाहिला होता आणि तिच्या तो फार मनात भरला होता. "दादा, म्हस तेवढी सांभाळ," ती म्हणाली. मी पाहुण्यांपुढं स्वागताचं भाषण करण्यात दंग झालो, आणि नदीवरून परतलेली म्हैस ओल्या अंगानं आत आली. तिनं मुलाच्या वडिलांच्या पुढ्यातले पोहे संपवले, शेपटीनं मुलाच्या नव्या टोपीवर चिखल उडवला आणि ती गोठ्यात गेली. सुशी रडायच्या बेताला आली होती.

"मास्तर, ह्यो नकाशा कुनी काढला?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"काढला नाही, लिहिला," मी म्हणालो.

सुशी उठली. तिनं रिकाम्या बशा जमिनीवर मांडल्या. "ही बैठक, ही चूल. ही भिंत आत घेतली की झाला बोळ." चहाचा कप म्हणजे म्हैस होती.

मुलगा वाकून बघायला लागला. "वळताना अडंल की," म्हणत त्यानं एक बशी सरकवली.

"न्हाई अडायची," सुशीनं कप वळवून दाखवला. बाकीची माणसं त्या दोघांच्या लेखी खोलीत नव्हतीच.

"पोरगी पसंत हाय," वडील म्हणाले. "पन लग्नाआधी तेवढा बोळ काढा."

सुशीनं माझा घोळ निस्तरला आणि वर मला कधी बोल लावला नाही. तिचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पुढं तिनं शिरोळला स्वतः आखून घर बांधलं आणि मला आग्रहाचं बोलावणं धाडलं, "दादा, चार शब्द बोलायला तूच पायजेस." मी भारावून धावत गेलो. बोलावणं धाडण्याआधी तिनं शेवटची वीट बसवून घेतली होती.