चाकातलं पाणी

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशकात लेकीकडे होते. पुतण्या नुसतं "काकू..." म्हणाला आणि मला कळलंच. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आता सव्वा महिना झाला, पण द्राक्षबागेत पाऊल टाकलं की वाटतं, पल्याड बाई छोट्या ट्रॅक्टरवर बसल्यात... वेलींच्या हिरव्या उजेडातून, पाण्याखालून आल्यासारख्या हळूहळू येताहेत.

भाऊजी लवकर वारले आणि बाग बाईंच्या अंगावर आली. एका साली ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला. औषध त्याच दिवशी मारायला हवं, नाहीतर रोगाने घड गेले म्हणून समजा. आणि ट्रॅक्टर चिखलात! मागची चाकं जागच्या जागी गरगरताहेत. बाई उतरून म्हणाल्या, "शकू, अंगात वजनच नाही गं याच्या." माहेरी, देवळा गावाकडे, त्यांनी वडलांना चाकात पाणी भरताना बघितलेलं. जॅकने चाक उचललं, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणला आणि टाकीची नळी जोडून टायरात पाणी सोडलं. आमचे हे बांधावरून म्हणतात, "वहिनी, आता मासेपण सोडा त्यात!"

"सोडते की. तुम्ही गळ टाकून बसा, तेवढं तरी काम होईल तुमच्याकडून!"

ट्रॅक्टर चिखल धरून चालला, घड वाचले. पुढे कायमच चाकांत पाणी राहिलं. घराकडच्या उतारावर बाई इंजिन बंद करून ट्रॅक्टर नुसता सोडायच्या, डिझेल वाचतं म्हणून. मग चाकांतून डुबुक... डुबुक... अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुणी घागर घेऊन येतंय.

परवा पुतण्याने झिजलेले टायर बदलले. बाईंच्या हातचं पाणी, गंजाच्या वासाचं, वेलींच्या ओळीत वाहून गेलं. "आता लोखंडी वजनं मिळतात, काकू. पाण्याची कटकट कशाला?" म्हणत त्याने जॅकवरच्या नव्या चाकाला बोट लावलं. चाक भिरभिरलं, अगदी मुकं... मला बघवेना. ट्रॅक्टर काय, वजनांनीही चालेल. पण तो आवाज गेला तर माझ्यापुरत्या बाई पुन्हा गेल्या. मी तळहाताने चाक थांबवलं. "वजनं राहू दे. नळी आण."

"तुम्ही पण आईसारख्याच हट्टी," तो म्हणाला. पण आणली.

संध्याकाळी उताराच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. मी ओट्यावर डोळे मिटून बसले होते.

"काकू, येतंय का ऐकू?" तो वरून ओरडला.

डुबुक... डुबुक... उतारावरून जवळ येत होतं. बाई अंगणात पोहोचेपर्यंत मला बोलायचं नव्हतं.